‘खडूस’ कोण? : एक अनिर्णित सामना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त दोन शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली आणि विषयाची निवड त्यांनी मजवरच सोपविली. माझ्याआधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत असे भारदस्त विषय हाताळले. मी पडलो साधा बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे टिपणे लिहिण्यात घालविलेला माणूस. तेव्हा ज्या विषयावर या करोल बागेतल्या आपल्या मंडळात सर्वांत अधिक चहा आणि सर्वांत अधिक आवाज खर्ची पडला, तोच विषय मी घेतला आहे. मुंबईच्या क्रिकेट संघाच्या इतिहासातला सर्वांत खडूस खेळाडू कोण?

‘खडूस’ हा शब्द घरात कोणी आपल्याला उद्देशून वापरला तर आपण सुखावत नाही. तुसडा, हेकट, हातचा पैसा न सोडणारा असा माणूस म्हणजे खडूस. मुंबईच्या मैदानांवर मात्र याच शब्दाला मानाचे पान आहे. जो आपली विकेट प्रतिपक्षाला फुकट देत नाही आणि हातातून गेलेला सामनाही अखेरच्या चेंडूपर्यंत सोडीत नाही, तो खडूस. हा गुण आकाशातून पडलेला नाही. १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग, तिच्या न झाकलेल्या ओल्या खेळपट्ट्या, आझाद मैदानावर एकमेकांत मिसळून चालणारे सामने आणि लोकलच्या गर्दीत खांद्यावर सांभाळलेली किटबॅग, या शाळेत तो घडला. इतक्या यातायातीनंतर मिळालेली फलंदाजी दुसऱ्या चेंडूवर उधळून टाकणे कोणाला परवडेल? १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईकडे राहिला, त्यामागे ही शिकवण होती.

मी बदलीवर दिल्लीत आलो आणि १९९६ च्या गणेशोत्सवात प्रथम या वादात ओढला गेलो. आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला, की सतरंजीवर कोंडाळे जमे. मध्यभागी अण्णा बसत. तेही सरकारी नोकर. त्यामुळे त्यांच्यापुढे रीतसर एक नोंदवही असे. तीत दर वर्षीची मते खेळाडूंच्या नावांपुढे नोंदविली जात. नियम एकच होता. उमेदवार मुंबईकडून खेळलेला असला पाहिजे.

पहिले नाव बहुधा एकनाथ सोलकरांचे येई. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा हा मुलगा फलंदाजाच्या पुढ्यात, डोक्यावर शिरस्त्राण नसताना उभा राही. २७ कसोटींत ५३ झेल! १९७१ साली ओव्हलवर ॲलन नॉटचा जो झेल त्यांनी पुढे झेपावून घेतला, तो सतरंजीवर लोटांगण घालून दाखविणारे सभासद आज या सभागृहात आहेत. (गुडघ्यांमुळे ते आता प्रात्यक्षिक करीत नाहीत.)

लगेच दुसरा गट बापू नाडकर्णींना पुढे करी. १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटके, २७ निर्धाव, धावा अवघ्या पाच. याहून हाताला घट्ट माणूस दाखवा, असे आव्हान दिले जाई. त्यावर आपले पुणेकर सभासद शांतपणे म्हणत, ‘‘बापू आधी महाराष्ट्राकडून खेळले. तुम्ही त्यांना नंतर नेलेत.’’ मग अर्धा तास मूळ वाद बाजूला राही.

सुनील गावसकरांचे वकील दोन पुरावे सादर करीत. १९७१ साली पोर्ट ऑफ स्पेनला दाढदुखीने हैराण असताना काढलेल्या १२४ आणि २२० धावा हा पहिला. १९८१-८२ च्या उपांत्य सामन्यात, बंगळूरला कर्नाटकच्या रघुराम भट यांची फिरकी खेळता येईना, तेव्हा पराभव टाळण्यासाठी गावसकरांनी त्यांच्यापुढे चक्क डावखुरी फलंदाजी केली, हा दुसरा. संदीप पाटलांचा पक्ष तरुणांचा. १९८१ च्या सिडनी कसोटीत लेन पास्कोचा चेंडू कानाजवळ लागून ज्यांना मैदान सोडावे लागले, त्यांनी लगेचच्या ॲडलेड कसोटीत १७४ धावा काढल्या. आणि हा सारा कोलाहल ओसरला की आमचे नागपूरकर स्नेही अलीकडे हळूच विचारतात, ‘‘२०२५ चा करंडक कोणाकडे गेला हो?’’ तो विदर्भाकडे गेला, हे त्यांना पूर्ण ठाऊक असते.

माझे मत ठरलेले होते : दिलीप वेंगसरकर. त्याला कारण होते. १९९१ च्या मे महिन्यात मी वानखेडेवर होतो. हरियाणाविरुद्धचा तो अंतिम सामना. शेवटच्या दिवशी ३५५ धावा हव्या होत्या. अठरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने ७५ चेंडूंत ९६ धावा काढून आशा जागविली. त्यानंतर पायांत गोळे आलेले वेंगसरकर धावण्यासाठी दुसरा गडी घेऊन झुंजत राहिले. अखेरचा फलंदाज धावबाद झाला तेव्हा मुंबईच्या धावा ३५२ होत्या आणि वेंगसरकर १३९ वर नाबाद. त्यांना मैदानावर रडताना मी पाहिले. खडूस माणूस रडतो का, असा आक्षेप दर वर्षी घेतला जाई. त्यावर माझे उत्तर ठरलेले असे. शेवटपर्यंत सोडले नाही, म्हणूनच ते रडू आले.

अण्णांचे मत मात्र वेगळे होते, आणि ते नेहमी एकटेच पडत. वहीत दर वर्षी एका नावापुढे एकच रेघ दिसे : पद्माकर शिवलकर. आम्ही हसत असू. जो एकही कसोटी सामना खेळला नाही, ज्याने कधी उसळता चेंडू अंगावर घेतला नाही, तो संथ डावखुरा फिरकी गोलंदाज कसला खडूस? अण्णा वाद घालीत नसत. १९७२-७३ चा मद्रासचा अंतिम सामना तेवढा ऐकवीत. मुंबई १५१ आणि ११३; तमिळनाडू ८० आणि ६१. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. शिवलकर पहिल्या डावात १६ धावांत आठ बळी, दुसऱ्यात १८ धावांत पाच. एवढे सांगून ते वही मिटीत.

२०१४ साली आमच्या कन्येने या कोंडाळ्यात प्रवेश केला. वय चौदा, जन्म दिल्लीचा. तिने नाव घेतले विराट कोहलीचे. २००६ च्या डिसेंबरात दिल्ली-कर्नाटक रणजी सामना इथे कोटल्यावर चालू होता. अठरा वर्षांचा विराट रात्री नाबाद होता. पहाटे त्याचे वडील वारले. सकाळी तो मैदानावर आला, ९० धावा काढून त्याने दिल्लीचा फॉलोऑन टाळण्यास हातभार लावला आणि मग वडिलांच्या अंत्यविधीस गेला. ‘‘याच्याहून खडूस सांगा,’’ ती म्हणाली. मी नियमावर बोट ठेवले. तीही ऐकेना : ‘‘बाबा, मुंबई तुमची. माझी टीम दिल्लीच आहे.’’

मित्रहो, त्या वाक्याने मला जे वाटले ते तुमच्यापैकी अनेकांनी आपापल्या घरी अनुभवले असेल. मी काही बोलणार, इतक्यात अण्णांनी वही उघडली आणि लिहिले : ‘विराट कोहली, दिल्ली. नियमाबाहेर, तरी नोंद घेतली.’ मग तिला म्हणाले, ‘‘भांडायला मराठीतून आलीस ना? मग पुढच्या वर्षीही ये.’’ ती येत राहिली.

दोन वर्षांनी अण्णा गेले. शोकसभेत त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळले, की कार्यालयात दोनदा त्यांना डावलून कनिष्ठांना बढती मिळाली होती. आमच्यापैकी कोणालाही त्याची कल्पना नव्हती. निवृत्तीच्या दिवशीही ते संध्याकाळपर्यंत फायली निकाली काढीत बसले होते म्हणे.

मग त्या एकट्या रेघेचा अर्थ मला उमगू लागला. भारताच्या संघात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची जागा एक, आणि ती बिशनसिंग बेदींनी स्वतःच्या गुणांनी मिळविलेली. बेदी तर आपल्या दिल्लीचेच कर्णधार. शेजारच्या हरियाणाचे राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी घेऊनही, त्याच दाराबाहेर राहिले. दोष कोणाचाच नाही, आणि तरी दार उघडत नाही. अशा वेळी माणूस काय करतो? शिवलकर १९८७-८८ पर्यंत, वयाच्या सत्तेचाळिशीपर्यंत, मुंबईसाठी चेंडू टाकीत राहिले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. अंगावर चेंडू झेलणाऱ्याला निदान टाळ्या मिळतात. ज्याला बोलावणे येणार नाही हे कळून चुकले आहे, त्याने पुढचे षटक तितक्याच नेकीने टाकायचे, याला किती कठीण काळीज लागत असेल!

२०१७ मध्ये शिवलकर आणि गोयल या दोघांनाही सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार मिळाला. अण्णा ती बातमी वाचावयास उरले नव्हते. ३ मार्च २०२५ रोजी शिवलकरही गेले. त्या रात्री मी कपाटातून ती नोंदवही काढली आणि कन्येला दाखविली. आपल्या नावाची ओळ तिने वाचली. मग वरच्या पानांवरील एकेक रेघ पाहून तिने विचारले, ‘‘बाबा, यांना दुसरं मत कधीच मिळालं नाही?’’

कार्यवाहांना माझी विनंती आहे. येत्या गणेशोत्सवात वही उघडाल तेव्हा वेंगसरकरांच्या नावापुढची माझी रेघ या वर्षी काढू नये. माझे मत शिवलकरांना नोंदवावे. आमची कन्या आपल्या मतावर ठाम आहे. तिची नोंद पूर्वीप्रमाणेच घ्यावी, मात्र ‘नियमाबाहेर’ हे शब्द आता गाळावेत, असा ठराव मी या सभेपुढे मांडतो. नागपूरकर स्नेह्यांनी हात वर केला आहे, तेव्हा अनुमोदन मिळालेच आहे, असे मी धरून चालतो.