खेकड्यांची कुस्ती

पडद्यावरील झुंजीच्या खेळांविषयीं घरोघरीं तक्रार ऐकूं येते, आणि ती बव्हंशीं रास्तच आहे. परंतु सर्वांना एकाच मापानें मोजूं नये, म्हणून आज एका विक्षिप्त जपानी खेळाची ओळख करून देतों. 'फाइट क्रॅब' हें त्याचें नांव. 'कॅलापा गेम्स' या लहानशा संस्थेनें केलेला हा खेळ सन २०२० मध्यें बाहेर पडला. (कॅलापा ही खेकड्यांचीच एक जाति, सागरी गोगलगाईचा शंख ती उजव्या नांगीनें, डबा उघडावा तसा, फोडते.)

यांतील मल्ल म्हणजे खेकडे आणि शेवंडी. कधीं त्यांच्या नांगींत तलवारही असते! हा मात्र मला निव्वळ चावटपणा वाटतो. डावी नांगी डाव्या अंगठ्यानें व उजवी उजव्यानें, अशी स्वतंत्र हालवावी लागते. त्यामुळें नवशिक्याचे वार हवेंतच जातात. खेकडा मुळीं कठीण कवचाचा, पण पाठीवर पडला म्हणजे पाय झाडीत राहणारा. रचनाकारानें त्याचें हें खरें वैगुण्यच नियम म्हणून घेतलें आहे. प्रतिपक्ष उताणा पडला आणि तीन अंक मोजेपर्यंत उठला नाहीं, कीं डाव संपला. आपल्या आखाड्यांतील चीतपटीशीं हें किती जुळतें! मार जितका अधिक बसेल तितकें सांवरणें कठीण. पण हार ठरते ती पाठ टेकल्यानेंच.

तेव्हां मुलाच्या हातीं हा खेळ दिसला, तर हिसकावून घेण्यापूर्वीं शेजारीं बसून एक डाव खेळून पाहावा. पहिल्या खेपेस वडिलांचाच खेकडा उताणा पडेल, अशी माझी अटकळ आहे.