पाच दप्तरे आणि एक मूल



वसंताच्या संध्याकाळी सरकारी दप्तरांवर बोलायचे, म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच! परंतु या दप्तरांत आपल्याच किनाऱ्यावरची मुले आहेत. घरात मार खाल्लेली, टाकून दिलेली, अत्याचाराला बळी पडलेली.

अशा मुलाची नोंदच होत नाही, असे नाही. अंगणवाडीत त्याचे वजन लिहिलेले असते, शाळेच्या हजेरीपटावर त्याची गैरहजेरी, रुग्णालयाच्या केसपेपरवर त्याची जखम. अत्याचाराची वार्ता फुटली तर पोलीस ठाण्यात फिर्याद होते. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या कायद्याप्रमाणे पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचे असते. हे झाले पाचवे दप्तर. पाच ठिकाणी मूल लिहिले गेले. पण पाचही पाने शेजारी ठेवून वाचण्याची रीत आपल्याकडे रुजलेली नाही.

केंद्र सरकारने 2007 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. 13 राज्यांतील 12,447 मुलांना त्यात प्रश्न विचारले होते. दर तिघांतील दोघांनी मारहाण सोसल्याचे सांगितले. दुःख किती, हे त्यावरून कळले. पण त्या दुःखावर पुढे उपचार झाले का, हे अशा पाहणीतून कळत नाही. रुग्णालयाला टाके ठाऊक, न्यायालयाला तारीख ठाऊक, शाळेला फक्त 'गैरहजर' ठाऊक. ती मुलगी पुन्हा वर्गात बसली का? मनोधैर्य योजनेची मदत तिच्यापर्यंत पोचली का? याचे उत्तर कोणत्याही एका दप्तरात सापडायचे नाही.

मग सारी दप्तरे सरसकट एकत्र बांधावीत काय? इंग्लंडची कथा ऐका. फेब्रुवारी 2000 मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी छळाने मेली. पोलीस, रुग्णालये, समाजसेवा खाती, सर्वांनी तिला पाहिले होते. तिला वाचवण्याच्या निदान 12 संधी हुकल्या, असे लॉर्ड लेमिंग यांनी 2003 च्या अहवालात दाखवले. त्यानंतर देशातील प्रत्येक मुलाची नोंदवही करण्याचे ठरले. 2009 मध्ये ती वापरात आली आणि 2010 मध्ये नव्या सरकारने ती बंद केली. लाखो निरपराध घरांची माहिती शेकडो कचेऱ्यांत उघडी राहणे लोकांना रुचले नव्हते.

पश्चिम ऑस्ट्रेलियाने 1995 पासून दुसरी वाट धरली. तिथे नावे जुळवणाऱ्याला आजार दिसत नाही, आणि आजार अभ्यासणाऱ्याला नाव दिसत नाही. त्याच्या हाती केवळ एक क्रमांक येतो. कोणत्या मुलांना कोणती सेवा मिळाली आणि कोण वाटेतच गळाले, हे मात्र कळते. मला ही वाट आपल्या गावांना अधिक मानवेल असे वाटते. जिथे चार घरांपलीकडे सारे एकमेकांना ओळखतात, तिथे फुटलेले नाव म्हणजे त्या मुलावर दुसरा घाव होय. पीडित बालकाची ओळख उघड करण्यास आपला कायदाही मनाई करतो.

जुळवणीही वाटते तितकी सोपी नाही. गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख घातलेली मुले आपल्याकडे कमी आहेत काय? एकाच कातकरी वाडीत वाघमारे, पवार, जाधव किती! दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आता स्थलांतर म्हणजे छळ नव्हे, आणि दारिद्र्य म्हणजे गुन्हाही नव्हे. यंत्राने असा घोटाळा केला तर गरीब आईबापच आधी संशयित ठरतील. उलट, मुलाबरोबर दुसऱ्या गावच्या शाळेत जाणारे शिक्षण हमी पत्रक पाहा. तेही दोन दप्तरांना जोडते, पण कोणावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे. मुलाची शाळा तुटू नये म्हणून.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. जे मूल कोणत्याच दाराशी पोचले नाही, ते जोडलेल्या दप्तरांतही दिसणार नाही. त्याच्यासाठी शेजारी आणि शिक्षक यांनीच डोळे उघडे ठेवले पाहिजेत. 1098 हा क्रमांक त्यांच्याचसाठी आहे.

तेव्हा आपण नागरिकांनी दरवर्षी जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना तीनच आकडे विचारावेत: किती मुलांची तक्रार नोंदली, त्यांतील किती जणांना उपचार मिळाले, आणि वर्षानंतर किती जण शाळेत आहेत. नावे मागू नयेत. आकडे मात्र सोडू नयेत. दुसरा आणि तिसरा आकडा सांगायचा झाला, तर दप्तरे जोडावीच लागतील.