जंगलातली वीज कुणाला विचारून?

(सीमाभागातील मराठी बांधवांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ठरला तेव्हा एका जुन्या कार्यकर्त्याने मला वाटेत गाठून विचारले, ‘मास्तर, आपल्या बैठकीत जंगल आणि वीज कशाला? आपला लढा वेगळा आहे.’ मी त्यांना एवढेच म्हणालो की, ज्या जंगलावरून दिल्ली, बेंगळूर आणि पणजीत वाद चालला आहे, त्या जंगलातली माणसे घरात मराठी बोलतात. त्यांच्याविषयी सगळे बोलतात, त्यांच्याशी कोणी बोलत नाही. मग हा विषय आपला नाही तर कोणाचा?

आधी जागा नीट डोळ्यांपुढे आणूया. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्य आहे. डिसेंबर २०११ मध्ये ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. गवाळी, पास्तोली, कोंगळा, कृष्णापूर, तळेवाडी, देगाव, आमगाव ही गावे त्याच्या पोटात आहेत. म्हादई याच रानात उगम पावते, आणि मलप्रभेचा उगम जवळच कणकुंबीला. बारापेडेच्या गुहांत जे वटवाघूळ आहे, ते जगात दुसरीकडे नाहीच अशी तज्ज्ञांची बरीच वर्षे समजूत होती. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले, तरी त्याचे महत्त्व कमी झालेले नाही. हे रान मोलाचे आहे आणि ते राखले पाहिजे, याविषयी आपल्यात दुमत नसावे. ते आजवर कोणी राखले, हेही विसरू नये.

आता याच रानाच्या आजूबाजूला विजेसाठी काय काय आखले गेले आहे ते पाहा. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी आले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती कळसा आणि भांडुरा नाल्यांची. पण त्या दोन्हींचे मिळून होतात ३.९० टीएमसी. सर्वांत मोठा आकडा आहे ८.०२ टीएमसीचा, आणि तो आहे म्हादईवरच्या जलविद्युत प्रकल्पासाठी. कोटणी हे नाव आपल्यातल्या वयस्कर मंडळींनी गेल्या शतकापासून ऐकलेले आहे. वीज करून पाणी पुन्हा नदीत सोडायचे, म्हणून ते ‘वापरलेले’ धरत नाहीत. पण धरणाच्या भिंतीमागे पाणी साठते ते कागदावर साठत नाही. ते रानात, शेतात आणि देवराईत साठते. निवाड्याविरुद्ध तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आहेत. ती तिन्ही वकील लावून बोलतात. कृष्णापूरच्या वतीने कोण बोलते?

दुसरी गोष्ट तमनार वीजवाहिनीची. छत्तीसगडची वीज गोव्याला नेण्याच्या या योजनेत धारवाडजवळच्या नरेंद्रहून गोव्यात शेल्डेपर्यंत चारशे केव्हीची वाहिनी कर्नाटकातल्या जंगलातून जाते. तिकडे गोव्याच्या हद्दीत मोलेचे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान. एप्रिल २०२० मध्ये, देश टाळेबंदीत असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरचित्र-बैठकीत जंगलातल्या प्रकल्पांचे विषय हातावेगळे केले. त्यातून मोलेसाठी गोव्यात मोठी चळवळ उभी राहिली. विद्यार्थी, वकील, प्राणिशास्त्राचे अभ्यासक, गावकरी सगळे उतरले. त्यांनी घोषणा दिल्या, पण त्याआधी फायली वाचल्या. हद्दी, झाडांचे आकडे, अहवालांतल्या चुका शोधल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला. २०२२ मध्ये न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली आणि वीजवाहिनी आधीच्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातून न्यावी ही शिफारस मान्य केली. वीज हवीच असेल तर नवे रान तोडण्याऐवजी जुन्याच वाटेने न्या, इतका साधा तो मुद्दा होता.

मंडळी, घाटाच्या पलीकडे हे घडत असताना घाटाच्या अलीकडे काय होते? शांतता. पुढे २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने जाहीरपणे विचारले की, आमच्या कळसा-भांडुराला मंजुरी मिळत नाही, तर गोव्याच्या विजेसाठी आम्ही आमचे जंगल का द्यावे? राजकारण म्हणून हा सवाल समजतो. पण त्याचा अर्थ असा झाला की एक सरकार पाणी मागते, दुसरे वीज मागते आणि पटावर सोंगटी म्हणून खानापूरचे रान ठेवले जाते. खेळणारे दोघेही त्या रानात राहत नाहीत.

निपाणीहून आलेल्या मंडळींना वाटेल, रान खानापूरचे, आपल्याला त्याचे काय? तुमच्या यमगर्णीच्या पुलाखालून वाहणारी वेदगंगा भुदरगडच्या पाटगावहून येते. त्या पाटगावच्या पाण्यावर २१०० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित झाला. उदंचन म्हणजे मागणी कमी असताना वीज खर्चून पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. भुदरगडच्या लोकांनी विरोध केला, कारण तो डोंगर आणि ते पाणी त्यांचे जगणे आहे. पण नदीच्या खालच्या अंगाला आपण आहोत. ऊस आणि तंबाखू पिकवणाऱ्या आपल्या गावांनी याविषयी एक ठराव तरी केला का? आपल्या राज्यातली शरावती तर तुम्हाला ठाऊकच आहे. तिथेही सिंहपुच्छ वानरांच्या अभयारण्यात २००० मेगावॉटचा असाच प्रकल्प ठरला. आधी खडक तपासण्यासाठी छिद्रे पाडायची यंत्रे नेण्यावरून वाद झाला, आणि २०२५ मध्ये वन्यजीव मंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. नुसती तपासणी आहे, असे सांगत पहिले यंत्र आत जाते. त्यामागून रस्ता जातो.

अशा यंत्राने काय होऊ शकते हे आसामने पाहिले. तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान येथे, दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी, २७ मे २०२० रोजी नैसर्गिक वायूची विहीर फुटली. ९ जूनला तिने पेट घेतला. दोन अग्निशमन कर्मचारी गेले. हजारो लोकांना घरे सोडावी लागली आणि विहीर पुरती शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. आपल्याकडे तेल नाही, वायू नाही. पण राखीव रानाच्या कुंपणाला लागून जोखमीचे काम करायचे आणि शेजारच्या गावाला शेवटी कळवायचे, ही रीत तिकडची तीच इकडची.

आणि आसाम कशाला, रामनगर बघा. गोव्याला जाताना आपण तिथे चहाला थांबतो. काळी नदीवर सुपा धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तिथली बरीच माणसे रामनगरला येऊन बसली. धरणाच्या पाण्यावर नागझरीचे मोठे वीजघर चालते, राज्यभर उजेड पडतो. आणि त्याच धरणासाठी उठलेल्यांच्या वसाहतीत पाण्याच्या टंचाईची तक्रार मी कित्येक उन्हाळे ऐकत आलो आहे. जे गेले ते आपलेच सोयरे होते. त्यांना कोणी विचारले होते का?

इथे कोणी म्हणेल, मास्तर विजेच्या विरोधात आहेत. मुळीच नाही. शेतीपंपाला अवेळी वीज येते म्हणून रात्री-अपरात्री बांधावर जाणारा शेतकरी माझ्या घरातही आहे. माझी तक्रार दोन मापांविषयी आहे. रानातल्या गावाने साकव मागितला, रस्ता मागितला, दिव्याची तार मागितली, की उत्तर मिळते, हे अभयारण्य आहे. पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून किलोमीटर-किलोमीटर चालत न्यावे लागते, हे २०२४ मध्ये वर्तमानपत्रांत आले तेव्हा शहरातले लोक हळहळले. त्याच रानाच्या परिसरातून मोठी वाहिनी न्यायची म्हटली, की तो राष्ट्रीय महत्त्वाचा प्रश्न होतो. गावाची तार बारीक म्हणून ती अडते का?

आणि आता स्थलांतर. २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना पहिल्या हप्त्याचे धनादेश मिळाले. योजनेप्रमाणे कुटुंबामागे १५ लाख रुपये. ज्यांना मुलांच्या शाळेसाठी, दवाखान्यासाठी बाहेर यायचे आहे, त्यांना मी दोष देणार नाही. पण उद्या रानातली गावे उठली आणि परवा तिथे कोटणीचा विषय पुन्हा निघाला, तर हरकत घ्यायला तिथे कोण उरेल? म्हणून बाहेर पडणाऱ्यानेही आधी आपला हक्क कागदावर नोंदवला पाहिजे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. पर्यावरण परिणाम अधिसूचना २००६ ची आहे. मोठ्या धरणाला, वीजघराला तिच्याखाली जनसुनावणी लागते. वीजवाहिनीला लागत नाही, कारण त्या यादीत ती नाहीच. वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार, जंगल दुसऱ्या कामाला द्यायचे तर ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्राने ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकात म्हटले. मग ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना त्या संमतीतून बहुतांशी सूट दिली. म्हणजे वाहिनीला ना सुनावणी, ना संमती. दार दोन्हीकडून बंद झाले. पण एक खिडकी उघडी आहे, आणि ती आपल्या हातात आहे. ज्याचा हक्क नोंदला आहे, त्याला वगळून सहज पुढे जाता येत नाही. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये एकामागून एक नकार दिला आणि बॉक्साइटची खाण थांबली, ती याच जोरावर. सर्वोच्च न्यायालयानेच त्यांना विचारायला लावले होते.

हा कायदा फक्त आदिवासींसाठी आहे, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ही त्यात आहेत. अट अशी की १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे वास्तव्य आणि उपजीविका असली पाहिजे. हिशेब केला तर १९३० साल येते. १९३० साली बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मुंबई राज्यातच होता. त्या काळचे आपल्या घरांतले कागद मोडीत आहेत, मराठीत आहेत. माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत शेतसाऱ्याच्या पावत्या, वाटणीपत्र आणि देवस्थानच्या मानपानाचा एक कागद निघाला. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण सन स्पष्ट वाचता येत होते. आम्ही तो बरीच वर्षे रद्दी समजत होतो. तुमच्या माळ्यावरही अशी पेटी आहे. ती आज रात्रीच उघडा.

नियम असाही आहे की एकाहून अधिक पुरावे द्यायचे. सरकारी नोंदी चालतात. जुनी विहीर, देवराई, दहनभूमी चालते. वंशावळ चालते. गावातल्या वृद्धांचा लेखी जबाब चालतो. ग्रामसभा भरताना निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. आपल्या सभांना बायका मागे उभ्या राहतात, ते आता चालणार नाही.

भाषेचा मुद्दा शेवटी घेतो, पण तो शेवटचा नाही. २०२० मध्ये पर्यावरण अधिसूचनेचा नवा मसुदा निघाला, तो फक्त हिंदी-इंग्रजीत. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून रोजी तो आठव्या परिशिष्टातल्या सर्व २२ भाषांत द्या असे सांगितले, आणि कर्नाटक उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी याच कारणावरून अंतिम अधिसूचनेला अडवले. म्हणजे समजेल अशा भाषेत सांगितल्याशिवाय लोकांचे मत घेतले असे होत नाही, हे न्यायालयांनी मानले आहे. कानडी न येणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाती कानडी नोटीस द्यायची आणि तिच्यावर अंगठा घ्यायचा, याला संमती म्हणायचे का? कानडीशी आपले भांडण नाही. कानडीबरोबर मराठीतही द्या, एवढीच मागणी आहे.

म्हणून माझी विनंती तीन कामांची आहे. एक, खानापूरच्या प्रत्येक वाडीतले जुने कागद गोळा करून त्यांच्या छायाप्रती काढाव्यात. मोडी वाचणारी आपल्यात अजून पाच-सात माणसे आहेत, त्यांनी वेळ द्यावा. दोन, वाडीवार ग्रामसभा भरवून वनहक्काचे दावे, वैयक्तिक आणि सामूहिक दोन्ही, दाखल करावेत आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय उठू नये. तीन, कोटणी असो, वाहिनी असो, पाटगाव असो, प्रत्येक प्रकल्पाची कागदपत्रे मराठीत मिळावीत असा ठराव आपल्या ग्रामपंचायतींनी करावा. निपाणीच्या पंचायतींनी वेदगंगेसाठी आणि खानापूरच्या पंचायतींनी म्हादईसाठी करावा, म्हणजे दोन्ही आवाज एक होतील.

प्रकल्प होतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. काही होतीलही. पण पुढच्या पिढीने विचारले की तेव्हा तुम्हाला कोणी विचारले होते का, तर आपल्याजवळ तारीख घातलेला, सह्या असलेला, आपल्या भाषेतला एक कागद असावा. सुप्याच्या माणसांजवळ तो नव्हता.