सहीआधी वाचावा असा कागद
(जेऊर येथील बालदत्तक व बालआरोग्य परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



परिषद जेऊरला ठरली तेव्हा पहिला फोन आला तो "तिथं गाडी थांबते का हो?" असा. सगळ्या थांबत नाहीत, पण थांबते. करमाळ्याची कमलाभवानी इथून जवळ आहे आणि उजनीचं पाणी तर त्याहून जवळ. सकाळी लवकर उठणाऱ्यांना तिथं रोहित पक्षी दिसतील. तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत.

मी बालरोगतज्ज्ञ नाही. चौतीस वर्षं या गावात दवाखाना चालवलेला साधा एमबीबीएस डॉक्टर. मांडवाची जागा आमच्या भावकीची, म्हणून स्वागताध्यक्षपद माझ्याकडे आलं असं काही जण म्हणतात. खरं असेल. पण दत्तक जाणाऱ्या बाळांच्या कागदांवर मीही सह्या केल्या आहेत, आणि त्यातली एक सही मला अजून बोचते.

सात महिन्यांची मुलगी होती. वजन साडेपाच किलो, आधाराशिवाय बसत नव्हती. तज्ज्ञ मिळेपर्यंत प्राथमिक तपासणी माझ्याकडे आली. मी लिहिलं, 'विकासात विलंब', आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. टंकलेल्या प्रतीत ते गळलं. मी न वाचता सही ठोकली. मुलगी दोन महिने आधीच, आठव्या महिन्यात जन्मली होती. ही नोंद होती, पण दुसऱ्या कागदावर. ते दोन महिने वजा केले तर ती पाच महिन्यांची! पाच महिन्यांचं कोणतं बाळ बसतं? परदेशातल्या एका जोडप्यानं तो अहवाल वाचून नकार कळवला. पुढं तिला घर मिळालं, पण मधलं वर्ष गेलं ते गेलंच.

आमच्यासाठी प्रश्नचिन्ह म्हणजे 'बघू, महिन्यानं परत आणा'. सातासमुद्रापार कागद वाचणाऱ्याला ते बाळ महिन्यानं परत आणता येत नाही. त्याच्या हातात फक्त अक्षरं असतात. हा प्रकार आपल्याकडेच होतो असंही नाही. रशियातून अमेरिकेत गेलेल्या कितीतरी बाळांच्या कागदांवर 'पेरिनेटल एन्सेफॅलोपॅथी' असं लिहिलेलं असायचं. रशियातल्या वैद्यकात तो शब्द जन्मावेळच्या नुसत्या जोखमीसाठीही सर्रास वापरत. अमेरिकेतले आईबाप मेंदूच कामातून गेला असं समजून घाबरायचे.

आपल्या बाळांच्याही अशा गोष्टी आहेत. कमरेवरचे निळसर जन्मडाग आपल्या आजीला ओळखीचे असतात, पण तिकडचा न सरावलेला डॉक्टर त्यांना माराचे वळ समजू शकतो. दंडावर बीसीजीचा वण असतो. अमेरिकेत ही लस सरसकट देत नाहीत. बीसीजी झालेल्या बाळाची मांटू चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तेवढ्यावरून क्षयरोग ठरत नाही. पण म्हणून ती सोडूनही देता येत नाही, पुढची तपासणी करावीच लागते. एचआयव्हीचं तर विचारू नका. आईची प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. तोवर अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे बाळाला संसर्ग झाला असं नव्हे, त्यासाठी पीसीआर चाचणी हवी. 'पॉझिटिव्ह' एवढंच लिहून कागद पुढं सरकवणं हा मी गुन्हा मानतो. माझं मत आहे, पटलं तर घ्या.

याच्या उलटं पापही आपण करतो. बाळाला घर मिळावं म्हणून 'निरोगी' लिहितो. ऐकू येत नाही हे माहीत असूनही लिहितो. ही दया नव्हे. पुढं दत्तक घेणारे आईबाप दिवसेंदिवस हाका मारत राहतात, आणि उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात.

कायद्यानं आपल्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात 1984 साली सर्वोच्च न्यायालयानं परदेशी दत्तकाला शिस्त लावली. 1990 मध्ये दत्तकाचं काम पाहणारी केंद्रीय यंत्रणा 'कारा' आली, 2003 मध्ये भारतानं परदेशी दत्तकाबाबतचा हेग करार स्वीकारला. बाळाचा वैद्यकीय अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवून मग होकार देण्याची मुभा आईबापांना आहे. 2024-25 मध्ये देशात 4,515 दत्तकं झाली, त्यांतली 4,155 देशातल्या देशात. उरलेल्या, परदेशी गेलेल्या साडेतीनशेवर मुलांपैकी पुष्कळांची फाईल विशेष गरजांची असते. म्हणजे निदानाचा शब्द सर्वांत जास्त तोलून लिहावा लागतो तो नेमका त्यांच्याच कागदावर.

आमच्या जिल्ह्याला हे काम नवं नाही. 1875 साली पंढरपुरात न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं अनाथ बाळांसाठी आश्रम उभा राहिला. चंद्रभागेच्या काठी सोडलेल्या बाळांना तेव्हा छप्पर मिळालं. आज छपराबरोबर खरा कागदही द्यायचा आहे.

या भागातली केळी आखाती देशांत जातात. पेटीवर वजन असतं, तारीख असते, कंटेनरचं तापमान नोंदलेलं असतं. केळ्याची आणि लेकराची तुलना करू नये, माझी बायको मला रागावेल. पण वजन, लांबी, डोक्याचा घेर, आणि प्रत्येक मापापुढं ते घेतल्याची तारीख, एवढं तरी बाळाच्या वाट्याला यावं की नाही? एकदा घेतलेलं माप फार थोडं सांगतं. चार महिन्यांची चार मापं असली, की दूर बसलेल्या डॉक्टरला बाळ वाढताना दिसतं. रोगाचं नाव मागाहून लिहा. आधी काय पाहिलं ते लिहा.

दुपारी शेंगांची चटणी, ज्वारीची भाकरी आणि पिठलं आहे. जेवण एक वाजता. तुमच्या पिशवीत एका काल्पनिक बाळाची माहिती आणि एक कोरा वैद्यकीय अहवाल ठेवला आहे. जेवणाआधी तो भरा, सही करण्यापूर्वी शेजाऱ्याला वाचायला द्या, आणि अक्षर त्याला लागलं नाही तर पुन्हा लिहा.