वऱ्हाडांतील वानर आणि माणूस

वऱ्हाडांतील बहुतेक गांवांत मारुतीचें देऊळ असतें. शनिवारीं तेथें तेल वाहिलें जातें, रुईच्या पानांची माळ घातली जाते, आणि पारावर एखादा वानर येऊन बसला तर त्यास हात जोडणारीं माणसें आजहि आढळतात. तोच वानर दुसऱ्या दिवशीं टोळीसह घरावर उतरला, त्यानें चार कवेलू फोडले किंवा तुरीच्या शेंगांना हात घातला, म्हणजे काल जोडलेले हात गोफणीकडे वळतात. या दोन्ही वागण्यांत ढोंग नाहीं. भक्ति खरी आहे आणि नुकसानहि खरें आहे. परंतु ज्या प्राण्याला गांव एकदां देव म्हणतें आणि एकदां चोर म्हणतें, तो स्वतः आहे तरी कसा, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मनुष्य व वानर यांच्या संबंधांचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो.

प्रथम नांवांचा घोळ दूर केला पाहिजे. काळ्या तोंडाचा, राखी अंगाचा आणि अंगापेक्षांहि लांब शेपटीचा प्राणी तो वानर. त्याच्या टोळीचा दांडगा नर तो हुप्या. लाल तोंडाचें, आंखूड शेपटीचें तें माकड. मेळघाटांत दोन्ही सांपडतात, पण दोघांचें पोट निराळें आहे. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. मिळेल तें गालांत कोंबावें आणि निर्धास्त जागीं बसून सावकाश खावें, ही त्याची रीत. दाणा, फळ, किडा, शिळी भाकरी, त्यास कांहींच वर्ज्य नाहीं. वानराला अशा पिशव्या नसतात. त्याचें जठर गाईच्या जठरासारखें कप्प्याकप्प्यांचें असून त्यांत राहणारे सूक्ष्म जंतु पाला आंबवून पचनास मदत करितात. त्यामुळें पालवी, कळ्या, कच्चीं फळें व बिया यांवर त्याचें वर्ष निघतें. गोड आणि पिठूळ पदार्थ फार पोटांत गेले तर आंबण्याची ही क्रिया बिघडते. तेव्हां यात्रेकरूनें प्रेमानें पुढें केलेला बिस्किटांचा पुडा वानराला मेजवानी नव्हे, अपथ्य आहे.

माणूस माकडापासून झाला, हें वाक्य पुष्कळांच्या तोंडीं असतें; तें जसेंच्या तसें बरोबर नाहीं. आजचीं माकडें व वानर एका शाखेवर आहेत. माणूस आणि त्याला अधिक जवळचे चिंपांझी व गोरिला दुसऱ्या शाखेवर आहेत. दोन्ही शाखा सुमारें अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीं एका खोडापासून फुटल्या. म्हणजे वानर हा माणसाचा आजा नव्हे, फार दूरचा चुलतभाऊ आहे. भावकी म्हटली कीं बांधाचा तंटा आलाच. पण भावकींत ऋणहि असतें. १९४० सालीं लँडस्टायनर व वीनर यांनीं लाल तोंडाच्या माकडाच्या रक्ताच्या साहाय्यानें मानवी रक्तांतील एक घटक ओळखला. त्या माकडाच्या ऱ्हीसस या नांवावरून त्यास आर-एच म्हणतात. १९५५ सालीं प्रचारांत आलेली साल्क यांची पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडांतील पेशींच्या साहाय्यानें तयार होई. अशा कामांसाठीं भारतांतून फार मोठ्या संख्येनें माकडें परदेशीं जात. ही निर्यात १९७८ सालीं बंद झाली.

वानरांच्या समाजाचा कसून अभ्यास भारताच्या भूमीवरच झाला. १९६१ नंतरच्या दोन वर्षांत जपानी संशोधक युकिमारु सुगियामा यांनीं धारवाडजवळच्या टोळ्या पाहिल्या. बाहेरचे नर एका टोळीवर चालून आले, त्यांनीं जुन्या हुप्यास हांकलून लावलें, आणि मग टोळींतील तान्हीं पिल्लें मारलीं गेलीं. हें ऐकून अनेकांनीं असा निवाडा दिला कीं, गर्दीमुळें या प्राण्यांची वृत्ति बिघडली असावी. १९७१ सालीं अमेरिकेंतून सारा हर्डी अबूच्या पहाडावर आल्या, तेव्हां त्यांचीहि समजूत अशीच होती. अनेक ऋतु टोळ्यांमागें हिंडल्यावर ती पालटली. अंगावर पिणारें पिल्लू गेलें कीं त्याची आई लवकर माजावर येते आणि नव्या हुप्याची संतति लवकर जन्मते, असा उलगडा त्यांनीं १९७७ सालीं आपल्या ग्रंथांत मांडला. त्यावर वाद पुष्कळ झाला. १९९९ सालीं नेपाळांतील रामनगर येथील वानरांच्या डीएनए-तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, असें त्यांत दिसून आलें. हा सर्व वृत्तांत मनाला सुखाचा नाहीं. परंतु त्यांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: वानराला देव किंवा दैत्य ठरविण्याची घाई माणसानें सोडली, तेव्हांच त्याला वानर दिसूं लागला.

माणसाच्या हातानें हा प्राणी किती बदलतो, हेंहि या अभ्यासांतून कळलें. जोधपुराच्या आसपास भाविक लोक टोळ्यांना नित्य खाऊं घालतात. तेथें वानरांचीं पिल्लें वर्षभर जन्मतात. रामनगरच्या जंगलांत अन्न ऋतूप्रमाणें मिळतें, आणि जन्महि ऋतूप्रमाणेंच होतात. फरक अन्नाचा. जंगलांतल्या वानराचे शेजारीहि निराळे असतात. कान्ह्याच्या जंगलांत पॉल न्यूटन यांनीं पाहिलें कीं, झाडावर वानर चरूं लागले म्हणजे खालीं पडलेला पाला व फळें खाण्यास चितळ गोळा होतात. वाघ किंवा बिबट्या दिसतांच वानर खांकरून इशारा देतो आणि चितळांचे कान टवकारतात. १९७४ सालीं वाघांसाठीं राखलेल्या मेळघाटांत वानराची किंमत करावयाची ती या शेजारधर्मासह केली पाहिजे.

आतां परतवाड्याहून चिखलदऱ्यास जाणारा घाट डोळ्यांपुढें आणावा. वाटसरू गाडी थांबवितो, पाव किंवा फुटाणे फेंकतो, मुलें टाळ्या पिटतात, गाडी पुढें जाते. वानर मात्र एवढें शिकतो कीं, माणसाच्या हातांत अन्न असतें आणि त्याचें भय धरण्याचें कारण नाहीं. मग तो चाकाखालीं सांपडतो किंवा पोराच्या हातांतली पिशवी ओढतो. घाटाखालीं अचलपूर, मोर्शी, वरूड या भागांत संत्र्यांच्या बागा आहेत. आणि अकोल्याकडे अकोट तालुक्यांत नरनाळ्याच्या डोंगराला लागून शेतें आहेत. माणसाला न भिणारी टोळी अशा बागेंत किंवा शेतांत उतरली तर राखणदाराच्या आरोळीला ती काय जुमानणार? पुण्य घाटांत एकानें जोडावें आणि त्याचा भार खालीं दुसऱ्यानें उचलावा, हा न्याय नव्हे.

शेतकऱ्याची तक्रार हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. १९७२ च्या कायद्यानें वानराला संरक्षण आहे, म्हणून त्यास मारतां येत नाहीं. आणि रोज थोडथोडें खाणाऱ्या टोळीचें नुकसान पंचनाम्यांत धरणें अवघड. टोळी पकडून दूर सोडावी, तर तंटा एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो. राखण गांवानें मिळून, पाळीपाळीनें करावी, आणि रस्त्यावर व पारावर खाऊं घालणें बंद व्हावें, एवढे दोन उपाय तरी गांवाच्या हातांत आहेत.

त्याहिपूर्वीं पाहणें आलें. एखाद्या शाळेच्या मुलांनीं एक वही करावी. गांवालगतच्या टोळींत नर किती, माद्या किती, पिल्लें किती. ती सकाळीं कोठें असते, दुपारीं कोठें. कोणत्या महिन्यांत जंगलचा पाला खाते आणि कोणत्या महिन्यांत शेतांत उतरते, हें एका पानावर लिहावें. समोरच्या पानावर माणसांचें लिहावें: बागवान काय सांगतो, देवळाचा पुजारी काय सांगतो, मोहफुलें वेंचणारी कोरकू बाई काय सांगते, आणि टोळीला कोणी काय खाऊं घातलें. जें पाहिलें तेंच लिहावें. जें वाटलें तें निराळें लिहावें. वर्षभरानें दोन्ही पानें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे तंट्याचें मूळ कोठें आहे, हें गांवाला आपलें आपणच दिसेल.

माकडाच्या हातीं कोलीत, ही म्हण मराठींत जुनी आहे. दोष मात्र सर्वजण माकडाला देतात. कोलीत त्याच्या हातीं दिलें कोणी, याचीहि चौकशी व्हावयास पाहिजे.