पट्टेवाला बास आणि दातवाला ब्लूफिश

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर एप्रिल-मे उजाडला की गळवाल्यांची लगबग सुरू होते. चेसापीक उपसागराच्या नद्यांत अंडी घालून स्ट्राइप्ड बास उत्तरेकडे निघतो. अंगावर सात-आठ काळ्या रेघा. मेनहेडन माशांच्या थव्यामागे तो पार किनाऱ्याला लागतो.

मागोमाग येतो ब्लूफिश, भलताच खादाड! त्याचे दात नायलॉनचा तंगूस सहज कापतात, म्हणून गळाआधी तारेचा तुकडा जोडतात. गळ काढताना बोटं घालू नयेत, पक्कडच बरी.

बासची मात्र बेसुमार मासेमारी झाली होती. मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० बंदी घातली, तेव्हा कुठे तो सावरला. आता आमिष लावायचं तर आत वळलेल्या टोकाचा गोल गळच लागतो. तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही; त्यामुळे सोडलेला मासा जगण्याची शक्यता वाढते.