परसबागेतील फुलपाखरे आणि पतंग

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



परसात झेंडू-जास्वंद लावली की फुलपाखरे येतात, ही समजूत खोटी नाही; पण ती अपुरी आहे. फुलावर फुलपाखरू येते ते पाहुणे म्हणून. त्याचे घर पानावर असते. मादीने अंडी घालावयाची झाडे जातीपरत्वे ठरलेली असतात आणि अळी बहुधा दुसऱ्या झाडाच्या पानाला तोंड लावीत नाही. म्हणून निरीक्षणाचा आरंभ पानापासून करावा.

आपल्या दारचा कढीपत्ता किंवा लिंबू घ्या. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळपट-पांढरा ठिपका दिसला, तर तो झटकून टाकू नका. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असू शकते. वाढल्यावर ती हिरवीगार होते आणि हलकेच स्पर्श केला, तर डोक्यामागून दुबेळक्यासारखे शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. मी स्वतः कित्येक वर्षे या अळ्या वेचून चुरडीत असे आणि त्याच अंगणात फुलपाखरे कमी झाली म्हणून हळहळतही असे! संत्र्या-लिंबाच्या रोपवाटिकेत ही अळी कोवळ्या रोपांचे खरोखर नुकसान करते. तेथे ती हाताने वेचावीच लागते. परंतु परसातल्या वाढलेल्या झाडाची चार पाने गेली, तर बिघडत नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ज्या निळ्या-काळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला, ती राणी पाकोळीही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढते.

एकदा अशाच एका अळीचा कोश मी रोज सकाळी टिपत होतो. कोश काळवंडला, तेव्हा आता फुलपाखरू बाहेर पडणार म्हणून घरातली सगळी मंडळी गोळा झाली. बाहेर पडले ते पुष्कळसे चिमुकले परोपजीवी कीटक, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातले. मुले हिरमुसली. पण हेच कीटक अळ्यांची संख्या आवाक्यात ठेवतात, आणि औषध फवारले की अळीबरोबर तेही मरतात, हे त्या दिवशी मला प्रथम उमगले.

आता पतंगांकडे वळू. आपल्या देशात फुलपाखरांच्या जाती तेराशेहून अधिक, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक आहेत. तरी शाळेच्या तक्त्यावर पतंग क्वचितच दिसतो. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते; पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. एकाच कण्हेरीवर दोघेही नांदतात. रुपेरी चकाकणारा लटकता कोश दिसला, तर तो एका काळपट-तपकिरी फुलपाखराचा. आणि पाठीवर डोळ्यासारखे निळे-पांढरे ठिपके असलेली जाड हिरवी अळी दिसली, तर ती एका मोठ्या हिरव्या पतंगाची. एरंडावरही तसेच. काटेरी अळी असेल, तर ती एका नारिंगी-तपकिरी फुलपाखराची. पाठीची कमान करून चालणारी उंटअळी मात्र पतंगाची, आणि ती एरंडाच्या पिकाची शत्रू आहे. दोघींना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

हा भेद ओळखावयाचा, तर छायाचित्रासारखा साक्षीदार नाही. त्याला महागडा कॅमेरा लागत नाही. खिशातला मोबाइल पुरतो. सकाळी ऊन कोवळे असताना फुलपाखरू पंख पसरून अंग शेकत बसते. त्या वेळी खाली वाकून, सावली त्याच्यावर पडू न देता, सावकाश जवळ जावे. वरची बाजू टिपून थांबू नये, मिटलेल्या पंखांची खालची बाजूही टिपावी. ओळख पुष्कळदा तिच्यावरूनच पटते. अळीचे चित्र घेताना झाडाचे पान स्पष्ट दिसेल असे घ्यावे. चांगले चित्र मिळावे म्हणून फुलपाखरू शीतपेटीत ठेवून बधिर करणारे महाभागही आहेत. त्यांचा कित्ता शाळेत गिरवू नये. माझी पहिल्या दोन वर्षांची शेकडो चित्रे आज निरुपयोगी आहेत, कारण तारीख आणि झाड मी कोठेच लिहून ठेवले नव्हते.

पंचायतीच्या सदस्यांचा येथेच संबंध येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते आणि समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ही वही एका बैठकीत कपाटातल्या जुन्या यादीवरून उतरवून काढता येते. पण त्या वहीत गाव दिसत नाही. शाळेतील मुलांनी वर्षभर परसातून आणलेली चित्रे, प्रत्येकाखाली तारीख, जागा, झाड आणि अळी की कोश एवढे लिहून जर समितीकडे गेली, तर वहीचे एक प्रकरण तरी खरे होईल. शिक्षकांनी ओळख पटल्याखेरीज नाव लिहू देऊ नये. ती जागा कोरी राहिली तरी चालेल.

पतंगांसाठी पावसाळ्यातील अंधारी, वारा नसलेली रात्र निवडावी. दोन खांबांमध्ये पांढरे धोतर ताणून बांधावे आणि त्यापुढे दिवा लावावा. दोन तासांत पुरेसे पतंग येतात. मग दिवा आठवणीने मालवावा आणि धोतर हलकेच झाडावे. नाहीतर पहाटे चिमण्या आणि साळुंक्या तेथेच न्याहारीला बसतात.